शंका, प्रश्न आणि मापनी

विद्यापीठातला अध्यापक विद्यार्थ्याच्या सर्जनशीलतेला किती वाव देतो, हे मोजता येते का? गेल्या पाव शतकात बऱ्याच देशांतल्या शिक्षणशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला आहे. त्यात मोजायचे काय, हे आधी नीट ठरवावे लागते. अध्यापक स्वतः किती प्रतिभावान आहे, याचा इथे संबंध नाही. नावाजलेला कवी वर्गात वर्षानुवर्षे त्याच त्या नोट्स उतरवून देत असेल आणि आयुष्यात कवितेची ओळ न लिहिलेला एखादा प्राध्यापक दरवर्षी चार मुलांना लिहिते करत असेल. मोजायचे असते ते अध्यापकाचे वर्गातले, प्रयोगशाळेतले आणि विद्यार्थी केबिनच्या दारात येऊन उभा राहतो तेव्हाचे वागणे.

सर्जनशीलतेच्या मापनाला खरी चालना मिळाली ती १९५० साली. जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात, या विषयाकडे मानसशास्त्राने फारच दुर्लक्ष केल्याचे दाखवून दिले. एकाच बरोबर उत्तराकडे नेणारा विचार आणि एका गोष्टीतून अनेक वाटा फोडणारा विचार यांत त्यांनी केलेला भेद पुढे रुळला. १९६६ साली ई. पॉल टॉरन्स यांच्या चाचण्या आल्या. भारतात बाकर मेहदी यांनी १९७३ साली हिंदी-इंग्रजीतून शाब्दिक आणि अशाब्दिक चाचण्या तयार केल्या. आपल्याकडच्या एम.एड. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत त्या आजही वापरल्या जातात. एखाद्या साध्या वस्तूचे जितके सुचतील तितके उपयोग लिहा, अशा धर्तीचे प्रश्न त्यांत असतात. किती उत्तरे आली, ती किती वेगवेगळ्या प्रकारची आहेत आणि इतरांना न सुचलेली किती, यावर गुण ठरतात.

या सगळ्या चाचण्या विद्यार्थ्याच्या होत्या. पण विद्यार्थ्याला सुचलेले वर्गात टिकते की विझते, हे पुष्कळसे अध्यापकावर अवलंबून असते. टॉरन्स यांना हे लवकर उमगले. ‘आदर्श विद्यार्थी’ कसा असावा याची गुणवैशिष्ट्ये लिहिलेली यादी त्यांनी भारतासह काही देशांतल्या शिक्षकांपुढे ठेवली आणि त्यांना निवड करायला सांगितली. सर्जनशील मुलांत हमखास दिसणारे काही गुण, म्हणजे अंदाज बांधून पाहणे, एकट्याचे मत धरून ठेवणे, चारचौघांपेक्षा वेगळे वागणे, शिक्षकांच्या पसंतीत मागे पडतात आणि नम्रता, वेळच्या वेळी काम करणे, सांगितलेले ऐकणे हे गुण वर चढतात, असे या प्रकारच्या अभ्यासांत पुनःपुन्हा आढळले. भारतात एम. के. रैना यांनी याच दिशेने बरेच काम केले. सर्जनशीलता चांगली, असे सगळेच शिक्षक म्हणतात. सर्जनशील विद्यार्थी मात्र वर्गात अवघड जातो. मापनाची गरज नेमकी या दोन गोष्टींमधल्या अंतरामुळे निर्माण झाली.

१९९७ साली आर्थर क्रॉप्ली यांनी सर्जनशीलता जोपासणाऱ्या शिक्षकाच्या वागण्याची नऊ सूत्रे मांडली. असा शिक्षक विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर शिकू देतो आणि वर्गात एकमेकांच्या साथीने काम करण्याचे वातावरण ठेवतो. नवे सुचायला जुने पक्के असावे लागते, म्हणून तो विषयाचा पाया भक्कम करून घेतो. अर्धवट सुचलेल्या कल्पनेवर तो लगेच शिक्का मारत नाही, ती पुरती मांडली जाईपर्यंत थांबतो. विचारांत लवचीकपणा यावा असे पाहतो, आपले काम आपणच तपासायची सवय लावतो, प्रश्न आणि सूचना गांभीर्याने घेतो, निरनिराळ्या साधनांनी आणि निरनिराळ्या परिस्थितीत काम करायची संधी देतो. नववे सूत्र अपयशाचे आहे. प्रयत्न फसला तर खचून न जाता पुन्हा हात घालण्याचे बळ तो विद्यार्थ्याला देतो. यांतले चौथे आणि नववे सूत्र सर्वांत मोलाचे आहे. बाकीच्या गोष्टी चांगला शिक्षक एरवीही करतो. या दोन गोष्टींना संयम लागतो आणि अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत आधी बळी जातो तो संयमाचाच.

सिंगापूरच्या के चेंग सो यांनी याच नऊ सूत्रांवरून २००० साली ४५ विधानांची एक मापनी प्रसिद्ध केली. प्रत्येक सूत्राला पाच विधाने. शिक्षकाने प्रत्येक विधान वाचून, आपण असे किती वेळा वागतो, ते नोंदवायचे. ही मापनी पुढे अनेक देशांत, अनेक भाषांत वापरली गेली आणि २०१५ साली सो यांनीच त्या अभ्यासांचा आढावा घेतला. ब्राझीलमध्ये युनिस अलेंकार आणि डेनिस फ्लाइथ यांनी २००४ साली खास विद्यापीठीय अध्यापकांसाठी प्रश्नावली केली. तिच्यात उत्तरे विद्यार्थी देतात. नव्या कल्पनांना मिळणारे उत्तेजन, मनातले बोलण्याजोगे वातावरण, शिकवण्याची व मूल्यमापनाची पद्धत आणि विद्यार्थ्याच्या शिकण्याविषयीची आस्था अशी चार अंगे तीत तपासली जातात.

हा फरक वरवरचा नाही. अध्यापक स्वतःबद्दल सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा हेतू असतो. विद्यार्थ्याला हेतू दिसत नाही, त्याला फक्त वागणे दिसते. ‘मी प्रश्नांना उत्तेजन देतो’ असे मनापासून लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या वर्गात, प्रश्न विचारताच कपाळावर उमटणारी आठी पाहून विद्यार्थी गप्प बसत असेल, तर दोघेही आपापल्या जागी खरेच सांगत असतात. म्हणून चांगल्या अभ्यासात दोन्ही बाजूंनी विचारतात आणि शक्य झाल्यास तिसरा माणूस वर्गात मागच्या बाकावर बसून नोंदी घेतो.

मापनी बनली की तिची परीक्षा घ्यावी लागते. एका सूत्राची पाचही विधाने खरोखर एकाच गोष्टीविषयी बोलतात का, हे पाहण्यासाठी ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा हा गुणांक वापरतात. ही झाली विश्वसनीयता. मोजायचे तेच मोजले जाते आहे का, ही झाली सप्रमाणता. पहिली असून दुसरी नसणे सहज शक्य आहे. काटा रोज तेवढेच वजन दाखवतो, पण रोज अर्धा किलो कमीच दाखवतो, तसे.

देश बदलला, भाषा बदलली की याच्यापुढची अडचण उभी राहते. ती कोल्हापूरकराला गुळाच्या उदाहरणावरून पटकन समजेल. बाजारात गुळाचे रवे येतात. कुणाचा रवा पाच किलोचा, कुणाचा दहाचा, जुन्या पद्धतीचा तीस किलोचा. एका ढिगात शंभर रवे आणि दुसऱ्यात साठ, एवढ्यावरून जास्त गूळ कुठे, हे सांगता येत नाही. आधी रव्याचे वजन विचारावे लागते. प्रश्नावलीतल्या ‘नेहमी’ आणि ‘कधीकधी’ या खुणा म्हणजे असेच रवे आहेत. एका देशातल्या विद्यार्थ्याचे ‘नेहमी’ आणि दुसऱ्या देशातल्याचे ‘नेहमी’ सारख्या वजनाचे आहेत, हे गृहीत धरता येत नाही. ते दाखवून द्यावे लागते.

संख्याशास्त्रात याला मापनाची समतुल्यता म्हणतात आणि ती पायरीपायरीने तपासतात. दोन्ही ठिकाणी विधानांचे गट तसेच पडतात का? प्रत्येक विधानाचे त्या गटाशी असलेले नाते सारखेच घट्ट आहे का? मोजणीची सुरुवात दोन्हीकडे एकाच बिंदूपासून होते का? तिसरी पायरी ओलांडल्याशिवाय दोन देशांच्या सरासरींची तुलना करता येत नाही, आणि अडखळायला होते ते बहुधा याच पायरीवर. ‘अमुक देशातले अध्यापक तमुक देशातल्यांपेक्षा सर्जनशीलतेला अधिक वाव देतात’ असा ठळक निष्कर्ष वाचला की पहिली विचारणा हीच करावी.

भाषांतर हा यातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. विधाने एकाने मराठीत आणावीत, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती पुन्हा मूळ भाषेत न्यावीत आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहावेत, ही रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली रूढ केलेली रीत अजूनही पाळली जाते. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. समजा, कोल्हापुरातल्या एखाद्या महाविद्यालयासाठी ‘विद्यार्थ्यांच्या प्रश्नांकडे शिक्षक गांभीर्याने लक्ष देतात’ हे विधान घेतले. उलटे भाषांतर अगदी बरोबर येईल. पण मराठी वर्गात ‘प्रश्न’ कोण विचारतो? तिथे प्रश्न विचारतात ते सर किंवा मॅडम. विद्यार्थी विचारतो ती ‘शंका’. तास संपताना फळा पुसता पुसता येणारे ‘काही शंका?’ हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक वर्गाने ऐकलेले आहेत. शंका म्हणजे सांगितलेले बरोबरच आहे, मला तेवढे कळलेले नाही. सांगितलेल्याबद्दलच काही विचारायचे असेल तर ती शंका राहत नाही. ते कधी ‘उलट विचारणे’ ठरते, कधी ‘शहाणपणा’. मग या विधानापुढे ‘नेहमी’वर खूण करणारा विद्यार्थी कशाबद्दल बोलतो आहे? बहुधा शंकानिरसनाबद्दल. शंकानिरसन उत्तम करणारे अध्यापक कोल्हापुरात पुष्कळ आहेत आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण क्रॉप्ली यांना अभिप्रेत होता तो दुसऱ्या जातीचा प्रश्न, आणि तो मोजायचा राहूनच जातो.

‘शिक्षक आम्हाला स्वतंत्रपणे शिकू देतात’ या विधानाचेही तसेच. कुठे हे वाक्य कौतुकाचे असेल. जिथे तासच नियमित होत नाहीत तिथे तेच वाक्य तक्रार होते. ‘सर म्हणतात तुमचे तुम्ही वाचा’ यात स्वातंत्र्य आहे की टाळाटाळ, हे विद्यार्थ्यालाच विचारावे लागते. इंग्रजीतल्या ‘क्रिटिकल’ला ‘टीकात्मक’ म्हटले तर निंदेची छटा येते, ‘चिकित्सक’ म्हटले तर अभ्यासाची. अपयशाविषयीच्या विधानात ‘अपयश’ हा शब्द आला की पदवीच्या विद्यार्थ्याच्या मनात राहिलेला विषय आणि एटीकेटी उभी राहते, फसलेला प्रयोग किंवा जमून न आलेली कल्पना नाही. म्हणून प्रश्नावली वाटण्याआधी आठ-दहा विद्यार्थ्यांना एकेक करून बसवावे, विधान मोठ्याने वाचायला लावावे आणि ‘हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे कोणता प्रसंग आला?’ एवढेच विचारावे. दोन दुपारचे हे काम महिन्याभराच्या आकडेमोडीपेक्षा अधिक सांगून जाते.

शब्द जमले तरी खुणा करण्याची रीत उरते. काही समाजांत माणसे टोकाच्या खुणा सहज करतात, काहींत मधली जागा सभ्य मानली जाते. काही ठिकाणी समोरच्याला बरे वाटावे म्हणून होकार भरला जातो. आपल्याकडे गुरूला गुण द्यायचे, हीच कल्पना अनेकांना संकोचाची वाटते. त्यात अंतर्गत गुण त्याच अध्यापकाच्या हातात असतील आणि हस्ताक्षर ओळखले जाण्याची धास्ती असेल, तर कागदावर कौतुकच उतरते. शिवाय माणूस तुलना करतो ती आसपासच्यांशी. स्टीव्हन हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली या अडचणीवर बोट ठेवले. भुदरगडच्या विद्यार्थिनीला ‘सर मोकळे आहेत’ असे वाटते ते गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या तुलनेत. परदेशातल्या विद्यापीठात तिच्याच वयाच्या मुलीची कसोटी वेगळी असते. दोघींनी सारखीच खूण केली, तरी दोन्ही वर्गांत तेवढाच मोकळेपणा असेल असे नाही.

यावर एक उपाय गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सुचवला. आपल्या अध्यापकाला गुण देण्याआधी विद्यार्थ्याने कागदावर लिहिलेल्या काल्पनिक अध्यापकांना गुण द्यायचे. प्रसंग सगळ्यांना एकच असल्यामुळे त्या गुणांवरून प्रत्येकाच्या रव्याचे वजन कळते. कोल्हापुरासाठी असा प्रसंग लिहायला लांब जावे लागत नाही. भूगोलाचा तास चालू आहे, विषय पूर. शिरोळ तालुक्यातला एक विद्यार्थी उठून म्हणतो, “सर, पुस्तकात अतिवृष्टीमुळे पूर येतो असे दिले आहे. २०१९ला आमच्या गावात पाऊस थांबला होता, तरी पाणी चढतच होते.” पहिला अध्यापक म्हणतो, “परीक्षेत पुस्तकातलेच लिहा.” दुसरा म्हणतो, “चांगले निरीक्षण आहे,” आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. तिसरा विचारतो, “किती चढले? केव्हा? भिंतीवर खूण राहिली आहे का?” आणि दहा घरांच्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजून आणायला सांगतो. धरणातून सोडलेले पाणी, वरच्या खोऱ्यातला पाऊस, नद्यांच्या संगमाशी तुंबणारे पाणी यांचा हिशेब पुढच्या तासाला त्या मोजमापांवरून सुरू होतो.

यांतल्या दुसऱ्या अध्यापकाला किती गुण पडतात, हे फार बोलके ठरेल. ‘चांगले निरीक्षण आहे’ या शाबासकीलाच जे विद्यार्थी पूर्ण गुण देतील, त्यांच्या ‘नेहमी’चा अर्थ त्यावरून समजेल. शाबासकी आणि उत्तेजन यांत फरक आहे. शाबासकीने कल्पना तिथेच थांबते, उत्तेजनाने ती कामाला लागते. चांगल्या मापनीला हा फरक पकडता आला पाहिजे.

आता संस्कृतीच्या मुद्द्याकडे वळू. पूर्वेकडे पाठांतर आणि आज्ञापालन, पश्चिमेकडे मोकळीक आणि कल्पकता, अशी ढोबळ वाटणी या विषयावरच्या लिखाणात बराच काळ चालत आली. तिला तडा देणारे पुरावे आता समोर आहेत. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय पाहणी होते. तिच्या २०२२च्या फेरीत प्रथमच सर्जनशील विचार तपासला गेला आणि २०२४ साली निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक सिंगापूरचा होता. काटेकोर परीक्षांसाठी प्रसिद्ध असलेला हा देश. भारत त्या फेरीत नव्हता.

कोल्हापूरच्या इतिहासातही ही वाटणी टिकत नाही. अल्लादिया खाँ हे छत्रपती शाहू महाराजांचे दरबारगायक. त्यांच्याकडे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी घेतलेली तालीम आजच्या प्रश्नावलीत फारच कमी गुण मिळवील. गुरू गातील ते शिष्याने गायचे, तेच पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे. स्वतंत्र शिक्षणाच्या रकान्यात शून्य. पण त्याच तालमीतून दोन अशा गायिका तयार झाल्या की एकीचे गाणे दुसरीचे म्हणून कोणी चुकूनही ओळखणार नाही. इथे नवे सुचण्याची वेळ पुढे ढकललेली असते. आधी आवाज, लय आणि रागाचे अंग हाडीमासी खिळायचे, मग मैफलीत प्रत्येक आवर्तनात नवे निर्माण करायचे. भारतीय काव्यशास्त्रानेही प्रतिभेच्या जोडीला व्युत्पत्ती आणि अभ्यास मोजले आहेत. क्रॉप्ली यांचे तिसरे सूत्र, पाया पक्का करण्याचे, याच्या जवळ जाते. फक्त त्याला किती वजन द्यायचे, याचे उत्तर दोन परंपरांत वेगवेगळे आहे. नऊ सूत्रांची सरळ बेरीज करणारी मापनी सगळ्यांना सारखेच वजन देऊन बसते.

अर्थात तालमीचा हा दाखला वर्गातल्या घोकंपट्टीच्या समर्थनाला वापरणे चूक आहे. खाँसाहेबांच्या शिष्याला मैफलीत गायचे होते आणि तिथे नोट्स चालत नाहीत. गाईड पाठ करून पेपर सोडवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अशी मैफल कधी येतच नाही.

राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ हे पुस्तक लिहिले. ललितलेखन ही केवळ दैवी देणगी नसून तिचे तंत्र अभ्यासता आणि कमावता येते, ही त्यामागची भूमिका. तिच्यावर मराठीत वाद झाले आणि तंत्राच्या आहारी गेल्याचा आक्षेपही फडक्यांवर आला. तरीही सर्जनशीलता शिकवता येते का, हा प्रश्न कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकाने गिलफर्ड यांच्या भाषणाच्या जवळजवळ वीस वर्षे आधी पुस्तकभर मांडला होता, याची नोंद घ्यायलाच हवी.

उत्तेजन म्हणजे प्रत्यक्ष काय, याचे एक नेमके चित्र जयंत नारळीकरांच्या आठवणींत सापडते. त्यांचा जन्म १९३८चा, कोल्हापुरातला. बालपण गेले बनारसला, तिथे वडील विष्णु वासुदेव नारळीकर विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. घरात भिंतीला फळा लावलेला होता. त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर जयंतासाठी म्हणून आव्हानाचे एखादे गणित लिहून ठेवत. शाळेच्या पुस्तकात नसलेले. भाच्याला ते सुटेपर्यंत किंवा तो हार मानेपर्यंत गणित फळ्यावर तसेच राही. या एका फळ्यात क्रॉप्ली यांची निदान चार सूत्रे आहेत. गणित आवाक्याच्या जरासे पलीकडचे होते, सोडवण्याची रीत सांगितलेली नव्हती, वेळेची मर्यादा नव्हती आणि न सुटल्यास कमीपणा नव्हता. पाहणी करणाऱ्याला इथे मोजण्याजोग्या गोष्टीही मिळतात. उत्तर किती दिवस रोखून धरले? किती वेगवेगळ्या वाटांनी प्रयत्न झाला? हार मानल्यावर काय बोलणे झाले?

वागण्याऐवजी फळ पाहून मोजण्याचीही एक पद्धत आहे. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीत त्या क्षेत्रातले जाणकार एकमेकांशी न बोलता विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाला गुण देतात आणि त्यांचे मत कितपत जुळते ते पाहतात. फळावरून मोजायचे तर एक दाखला कोल्हापुरातच आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही काही विद्यापीठ नव्हती. पण परदेशी यंत्र अभ्यासून कोल्हापुरातच कॅमेरा बनवणाऱ्या आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणाऱ्या या माणसाच्या हाताखाली व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल घडले. १९२९ साली तेच बाहेर पडले आणि कोल्हापुरातच त्यांनी प्रभात कंपनी काढली. शिष्य गुरूला सोडून गेले, हे त्या वेळी दुःखाचे झाले असेल. मापनाच्या दृष्टीने पाहिले तर गुरूने स्वतंत्रपणे उभे राहण्याचे बळ दिले होते, याचा याहून मोठा पुरावा मिळणे कठीण. हा पुरावा यायला दहा वर्षे लागली. सत्राच्या शेवटी भरलेल्या कागदात तो कधीच दिसला नसता.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ची. इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला संलग्न आहेत आणि ‘संलग्न’ या शब्दातच मापनाची एक मोठी अडचण दडलेली आहे. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत जो शिकवतो तोच अभ्यासक्रम आखतो, तोच प्रश्नपत्रिका काढतो आणि तोच तपासतो. चंदगड किंवा गारगोटीच्या महाविद्यालयातला अध्यापक यांतले फारच थोडे ठरवू शकतो. अभ्यासक्रम मंडळाचा, मुख्य प्रश्नपत्रिका विद्यापीठाची. मूल्यमापनाची पद्धत सर्जनशीलतेला पोषक आहे का, या विधानाला त्याच्या विद्यार्थ्यांनी कमी गुण दिले, तर ते गुण अध्यापकाला पडले की व्यवस्थेला? व्यवस्थेचे वजन अध्यापकाच्या नावावर टाकणारी मापनी अन्यायाची आहे.

हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातच जन्मलेल्या एका शिक्षणतज्ज्ञाने देशाच्या पातळीवर हाताळला होता. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्याआधी त्यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठाची उभारणी केली. शिक्षण परिसराशी आणि हाताच्या कामाशी जोडलेले असावे, हा तिथला ध्यास होता. परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणे बदलत नाही, हे आयोगाच्या अहवालात स्पष्ट आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सर्जनशीलता आणि चिकित्सक विचार हे शब्द ठिकठिकाणी येतात. शब्द आले, आता ते वर्गात उतरले का, हे तपासायचे तर मोजणी हवीच.

तशी एक मोजणी सध्या होतेही. महाविद्यालयांचे आणि विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने २०१७पासून आणलेल्या पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश झाला. त्यात २१ प्रश्न आहेत, पैकी २० प्रश्नांना पर्यायांतून उत्तर द्यायचे. अभ्यासक्रम किती शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य होते का, असे बरेचसे प्रश्न आहेत. सर्जनशीलतेच्या जवळ जाणारे मोजकेच. शिक्षक तुमची बलस्थाने ओळखून योग्य पातळीची आव्हाने देतात का, उदाहरणे आणि उपयोग सांगून संकल्पना स्पष्ट करतात का, अनुभवातून शिकणे व समस्या सोडवणे अशा विद्यार्थिकेंद्री पद्धती वापरतात का. आव्हानाचा प्रश्न यांत सर्वांत चांगला आहे, हुजूरबाजारांच्या फळ्याची आठवण करून देणारा. पण कल्पनेवर लगेच शिक्का न मारणे आणि फसलेल्या प्रयत्नाला आधार देणे, या दोन मोलाच्या सूत्रांना तिथे जागा नाही. समाधान आणि सर्जनशीलता या मुळात वेगळ्या गोष्टी आहेत. तयार उत्तरे देणाऱ्या अध्यापकावर विद्यार्थी अतिशय समाधानी असू शकतात. भिंतीवरच्या खुणा मोजायला उन्हात पाठवणाऱ्यावर ते त्या सत्रात नाराजही असतील.

महाविद्यालयांना स्वतःची प्रश्नावली करण्याची मुभा आहे आणि कोल्हापूर परिसरात ती करायची झाल्यास चार गोष्टी सांभाळाव्या लागतील. विधाने वागण्याची असावीत, गुणांची नकोत. ‘मॅडम प्रोत्साहन देतात’ यापेक्षा ‘या सत्रात पुस्तकाबाहेरचा विषय मी सुचवला आणि मॅडमनी त्यावर काम करू दिले’ हे विधान खोटे भरायला अवघड आहे. शंका आणि प्रश्न यांची विधाने वेगळी ठेवावीत. निकाल लागल्यावर, निनावी, आणि विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत ती भरून घ्यावी. सीमाभागातल्या वर्गात ती भाषा कन्नडही असेल. आणि आलेले आकडे दुसऱ्या विभागाशी, दुसऱ्या शहराशी किंवा दुसऱ्या देशाशी लावू नयेत. त्याच अध्यापकाच्या गेल्या वर्षीच्या आकड्यांशी लावावेत, कारण तिथे रव्याचे वजन पुष्कळसे सारखे असते. पदोन्नती किंवा वेतनवाढ या आकड्यांना जोडली, तर मापनी त्या दिवसापासून निकामी झाली असे समजावे.

नॅकच्या सर्वेक्षणातला २१वा प्रश्न मोकळा आहे. शिकण्या-शिकवण्याचा अनुभव सुधारण्यासाठी विद्यार्थ्याने तीन सूचना लिहायच्या असतात. त्याला पर्याय नाहीत, म्हणून त्याची सरासरीही निघत नाही. महाविद्यालयांनी आपल्या प्रश्नावलीतही असा प्रश्न ठेवावा आणि प्राध्यापकांनी आकड्यांचे तक्ते उघडण्याआधी त्या तीन ओळी वाचाव्यात.